गुहागरला गाडी न हलवता तीन रात्री: सोलर-बॅटरीचा हिशेब तपासून द्या

निळी_ट्रॅव्हलर

मंडळी, फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटरहोम आहे, गाडीची वायरिंग १२ व्होल्टची. डिसेंबरात पुण्याहून कुंभार्ली घाटानं गुहागर. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, सोमवारी सकाळी निघायचं. मध्ये गाडी हलवायची नाही आणि बाहेरून वीज घ्यायची नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर स्पितीचा बेत आहे, त्यामुळे एकदाच काय ते नीट बसवायचं आहे.

माणसं चार. वडिलांना रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून दाबानं हवा देणारं) लागतं, ते बंद पडून चालणार नाही. बाकी लोड: ५० लिटरचा १२ व्होल्ट कॉम्प्रेसर फ्रिज, टपावरचा पंखा, चार एलईडी, पाण्याचा पंप, दोन लॅपटॉप (शनिवार-रविवारीही थोडं काम असतं), चार मोबाईल, ५०० वॅटचा मिक्सर. जमलं तर इंडक्शन.

फॅब्रिकेटरचं म्हणणं: १५० एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, २ केव्हीएचा घरगुती इन्व्हर्टर, टपावर ३३० वॅटचं एक घरगुती पॅनल. ‘सगळं २३० व्होल्टवर चालवा, घरच्यासारखं.’ हे पुरेल का? आणि रात्री एसी चालवायचा झाल्यास अजून काय लागेल?

---

वॅटतास

पॅनल किती लावायचं हे सगळ्यात शेवटी ठरतं. आधी दिवसाला जातं किती ते लिहून काढू. तुमच्या यादीवरून, वॅट-तासांत:

फ्रिज: कॉम्प्रेसर चालू असताना ५० ते ५५ वॅट. डिसेंबरच्या कोकणात दिवसातला साधारण ४० टक्के वेळ चालतो असं धरा, म्हणजे ५००. मे महिन्यात हाच आकडा ७०० च्या वर जातो, आणि घरून गार न करता भरलेलं सामान आत टाकलं तर पहिल्या रात्री अजून जास्त.
पंखा: मधल्या वेगावर २० वॅट, ९ तास, १८०.
दिवे ६०, पंप २५ (७० वॅट, दिवसाला वीस मिनिटं), मोबाईल ६०.
लॅपटॉप: दोन, प्रत्येकी ४० वॅट, चार तास, ३२०.
सीपॅप: ह्युमिडिफायर बंद ठेवून ३० वॅटच्या आसपास, ८ तास, २४०. गरम ह्युमिडिफायर आणि गरम नळी सुरू केली की हे दुप्पट-तिप्पट होतं.
मिक्सर: पाच मिनिटं, ४०.

बेरीज १,४२५. म्हणजे दीड युनिटाच्या आत.

आता ‘घरच्यासारखं’ची किंमत बघा. २ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मरवाला घरगुती इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता सुरू राहिला तरी २५ वॅटच्या पुढेमागे खातो. चोवीस तासांचे झाले ६००. फ्रिजपेक्षा जास्त! आणि फ्रिज, पंखा, पंप, दिवे हे सगळे मुळात १२ व्होल्टचेच असताना त्यांना २३० करून परत अडॅप्टरनं १२ करायचं, यात दोन्ही टोकांना गळती. त्यात २ केव्हीएचे घरगुती इन्व्हर्टर बहुतेक दोन बॅटऱ्यांवर, म्हणजे २४ व्होल्टवर चालतात. मग तुमच्या १२ व्होल्टच्या वस्तूंना वेगळा कन्व्हर्टर आला, आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणारं जनित्र) ही बॅटऱ्यांची जोडी चार्ज करायलाही १२ ते २४ चा वेगळा चार्जर आला.

म्हणून घर १२ व्होल्टवरच ठेवा. लॅपटॉपला १२ व्होल्टवर चालणारा टाइप-सी पीडी चार्जर (६५ किंवा १०० वॅट) मिळतो. सीपॅपला कंपनीचा डीसी कन्व्हर्टर घ्या. बरीच मशीन २४ व्होल्टवर चालतात, त्यामुळे १२ व्होल्टची वायर थेट जोडायला जाऊ नका. मग इन्व्हर्टर उरतो फक्त मिक्सरपुरता: १,००० वॅट, प्युअर साइन वेव्ह, आणि हाताशी स्विच. चटणी वाटून झाली की बंद.

इंडक्शनचं एका ओळीत: १,५०० वॅट, चाळीस मिनिटं, इन्व्हर्टरची गळती धरून ११०० च्या वर. चार माणसांचा एक वेळचा स्वयंपाक तुमच्या बाकी दिवसभराच्या विजेच्या जवळ जातो. गॅसच ठेवा.

ट्यूब्युलरबद्दल. दोन मिळून ११० किलोच्या आसपास वजन, उंची जास्त म्हणून सीटखाली मावत नाहीत, झोपायच्या जागेत हायड्रोजन आणि ॲसिडची वाफ नको, आणि अर्ध्याच्या खाली रोज उतरवल्या तर आयुष्य झपाट्यानं कमी. ३,६०० वॅट-तासांतले वापरायचे १,८००. त्याऐवजी १२.८ व्होल्ट २०० एएचची एक लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी): २,५६० वॅट-तास, त्यातले २,३०० बिनधास्त वापरा, वजन २० ते २५ किलो.

तुमचा शुक्रवार-ते-सोमवार मांडून बघू. शुक्रवार संध्याकाळी सहा ते सोमवार सकाळी आठ म्हणजे ६२ तास, खर्च सुमारे ३,७००. घाटातून येताना बॅटरी भरलेली असणार (अल्टरनेटरचं पुढे कोणीतरी लिहीलच), म्हणजे हातात २,५६०. मधे दोन पूर्ण दिवसांचं ऊन. ४०० वॅट पॅनल टपावर आडवं, डिसेंबरात साडेचार तासांचं पूर्ण ऊन, उष्णता-धूळ-वायर-कंट्रोलर असं सगळं वजा जाता ७० टक्के: दिवसाला १,२६०. दोन दिवसांचे २,५२०. सोमवारी सकाळी शिल्लक १,३८०, म्हणजे अर्ध्याहून जास्त. छान.

पण हीच गाडी माडांच्या सावलीत लावली आणि पॅनलनं निम्मंच दिलं, तर सोमवारी सकाळी शिल्लक १२० वॅट-तास. बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) त्याच्या आधीच केव्हातरी सगळं तोडून मोकळा होईल, आणि ती वेळ बहुधा पहाटेची असेल, सीपॅप चालू असताना. १०० एएचची बॅटरी घेतलीत तर सावली नसतानाही याच कडेवर येता. म्हणून २०० च.

---

सह्यकडा

वरच्या हिशेबाला दुजोरा. फक्त पॅनलबद्दल फॅब्रिकेटरला सरसकट खोडू नका. ३३० वॅटचं ७२ सेलचं घरगुती पॅनल विजेच्या दृष्टीनं उत्तम चालतं: ओपन सर्किट व्होल्टेज (व्हीओसी, म्हणजे काही न जोडलेल्या पॅनलचं व्होल्टेज) ४६ च्या आसपास, करंट ९ अँपिअर, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणारा) १०० व्होल्ट/३० अँपिअरचा, म्हणजे पॅनलकडून कमाल १०० व्होल्ट आणि बॅटरीला कमाल ३० अँपिअर, घेतला की झालं. वॅटमागे सगळ्यात स्वस्तही तेच पडतं.

अडचण मापाची. साधारण दोन मीटर बाय एक मीटर, २२ किलो, आणि टपावर पंख्याचं झाकण, कॅरिअर, खिडकी यांच्यामधून एवढा सलग तुकडा निघत नाही. पंख्याचं झाकण उघडलं की त्याची सावली नेमकी पॅनलवर पडते. आधी टपाचं माप घ्या, पुठ्ठे कापून वर ठेवून बघा, पंखा उघडून सकाळी नऊला आणि दुपारी चारला सावली कुठे जाते ते खडूनं आखा. सलग जागा मिळाली तर तेच एक लावा, डिसेंबरात दिवसाला १,००० च्या वर देईल. नाही मिळाली तर १०० वॅटची चार.

घरगुती पॅनलमधे हावरटपणा करून ५४० वॅटची दोन सिरीजमधे लावू नका. एकेकाचं व्हीओसी ४९-५० व्होल्ट, दोन मिळून १०० ला टेकतं. थंडीत व्होल्टेज वाढतं, दर अंशाला पाव टक्क्याहून थोडं जास्त. स्पितीत पहाटे उणे दहा असताना सूर्य वर आला की दहा टक्के जादा, आणि १०० व्होल्टचा एमपीपीटी त्या पहिल्याच किरणांत जातो. वॉरंटीतही बसत नाही, कारण कंट्रोलरनं नोंद ठेवलेली असते.

चिकटवायची लवचीक पॅनल घेऊ नका, कितीही देखणी असली तरी. खाली हवा खेळत नाही, टपाचा पत्रा तापलेला, सेल तडकतात. काचेचं पॅनल टपापासून दीड-दोन इंच वर ठेवा. तापमान ६५ अंशाला गेलं की तेही १४ टक्के घालवतं (दर अंशाला ०.३५), हवा असली तर निदान त्यापलीकडे जात नाही. बोल्ट स्टेनलेस ३०४, नायलॉक नट, आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमला स्टेनलेस लागतं तिथे नायलॉनचा वॉशर. समुद्रावर या दोन धातूंच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते आणि वर्षा-दोन वर्षांत भोक मोठं होतं.

---

मीटरवाली

पॅनलचं व्होल्टेज, सेल वगैरे सगळं बरोबर, पण असल्या गाड्यांमधे बिघाड होतो तो बहुतेक वायर, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) आणि फ्यूजमधे. त्यावर सविस्तर.

अल्टरनेटर. एलएफपी बॅटरी अल्टरनेटरला साध्या रिलेनं जोडू नका. तिचा अंतर्गत रोध इतका कमी की ती मिळेल तेवढा करंट ओढते. घाटात इंजिन फिरत असतं तेव्हा निभावतं, पण चिपळूणच्या ट्रॅफिकमधे आयडलवर अल्टरनेटरचा पंखा हळू आणि लोड पूर्ण, मग वाइंडिंग जळतं. शिवाय बीएस-६ गाड्यांत अनेक ठिकाणी अल्टरनेटरचं व्होल्टेज ईसीयू (इंजिनचा संगणक) खालीवर करतं, मग साध्या रिलेवर बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून ठरलेलाच करंट घेऊन बॅटरी भरणारा) घाला, इग्निशनचा सिग्नल देऊन, म्हणजे इंजिन बंद झाल्यावर तो स्टार्टरची बॅटरी उपसणार नाही. अल्टरनेटरच्या प्लेटवरचा आकडा बघा. चार्जर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असावा. ३० अँपिअरनं पाच तास गाडी चालली की १५० एएच आत गेले. पुण्याहून गुहागरला रिकामी निघालेली बॅटरीसुद्धा तीन चतुर्थांश भरून पोचते. म्हणजे तुमच्या तीन रात्रींची अर्धी वीज खरं तर डिझेलची आहे, टपावरची नाही.

त्या चार्जरची वायर: इनपुटला ४० अँपिअरपर्यंत जातात. पुढून मागे पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. १६ स्क्वेअर एमएम घातली तर ०.४४ व्होल्ट वाटेतच पडतात, २५ घातली तर ०.२८. पंचवीसच घाला. दोन्ही टोकांना, दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात फ्यूज: स्टार्टरकडे ६०, घरच्या बॅटरीकडे ५०. एकाच टोकाला फ्यूज असला आणि वायर मधे चेसिसला घासून उघडी पडली, तर दुसऱ्या टोकाची बॅटरी ती वायर जाळत राहते.

मुख्य फ्यूज. एलएफपी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. स्वस्तातला मोठा ब्लेड फ्यूज किंवा ऑडिओवाला काचेचा फ्यूज उडतो खरा, पण आतली ठिणगी विझत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर क्लास टी फ्यूजच (एवढा मोठा करंट तोडू शकणारा) लावा. १,००० वॅटच्या इन्व्हर्टरला ९० अँपिअरच्या आसपास लागतात, म्हणून १२५ चा फ्यूज, ३५ स्क्वेअर एमएम वायर, लांबी मीटरच्या आत. इन्व्हर्टर लांब ठेवायचा असेल तर २३० ची वायर लांबवा, १२ ची नको.

घरातले एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाचे) एमसीबी डीसीवर (बॅटरी-पॅनलच्या एकदिश प्रवाहावर) वापरू नका. एसीत करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती तशीच लागून राहते. पॅनलच्या लाइनवर डीसी आयसोलेटर (लाइन तोडायचा स्विच) हवा, आणि तो पोलॅरिटी न बघणारा घ्या.

वायर. घरगुती एकतारी वायर गाडीत कंपनानं सांध्याशी तुटते. बारीक तारांची, लवचीक, शुद्ध तांब्याची. बाजारात वेल्डिंग केबल म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची सर्रास मिळते. टोक ब्लेडनं खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. थिंबल कथिलाचा मुलामा असलेले, हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबलेले, वर गोंदवाली हीट श्रिंक. हातोडीनं ठोकलेला थिंबल पहिल्या दिवशी चालतो, खाऱ्या हवेत आतून काळा पडतो आणि मग तापायला लागतो. लोड चालू असताना प्रत्येक सांध्यावर मिलीव्होल्ट मोजा. ५० अँपिअरला एका सांध्यावर २० मिलीव्होल्टच्या वर आले की तो उघडा.

फ्रिज सिगारेट लायटरच्या सॉकेटवर ठेवू नका, पिन ढिली होते आणि प्लॅस्टिक वितळतं. फ्यूज बॉक्सपासून स्वतंत्र लाइन, १५ चा फ्यूज, ६ स्क्वेअर एमएम. अडीचची वायर जाऊन-येऊन बारा मीटर असली तर चालताना ०.४ व्होल्ट पडतात आणि कॉम्प्रेसर सुरू होताना अजून जास्त. मग बॅटरी भरलेली असूनही फ्रिज लो व्होल्टेज दाखवून बंद पडतो आणि सगळे बॅटरीला शिव्या देतात.

---

घाटमाथा

एसीचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून देतो. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री सरासरी ५००-६०० वॅटवर स्थिरावला असं उदारपणे धरलं, तरी आठ तासांचे चार ते पावणेपाच युनिट. म्हणजे याच मापाची दुसरी आणि तिसरी बॅटरी, आणि ते परत भरायला टपावर १,५०० वॅटच्या आसपास पॅनल. ट्रॅव्हलरच्या टपावर ते बसत नाही. डिसेंबरात गुहागरला एसी लागतही नाही. दोन खिडक्या जाळीसकट उघड्या, टपावरचा पंखा हवा बाहेर फेकणाऱ्या दिशेनं.

---

सह्यकडा

चार १०० वॅटची लावलीत तर जोडणी दोन सिरीज, अशा दोन जोड्या पॅरलल (२एस२पी). सगळी पॅरलल करू नका. १०० वॅटच्या ‘१२ व्होल्ट’ पॅनलचं चालतं व्होल्टेज १८ च्या आसपास, तापल्यावर १६ वर येतं, आणि एलएफपी भरत आली की तिला १४.२ ते १४.४ हवे असतात. बऱ्याच एमपीपीटींना सुरू व्हायलाच बॅटरीपेक्षा पाच व्होल्ट जास्त लागतात. सकाळी पॅरललमधे तो उशिरा जागा होतो.

---

वॅटतास

माडाखाली लावायची असेल तर मी सगळी पॅरललच म्हणेन. सिरीजमधे एका पॅनलवर झावळी पडली की जोडीतलं दुसरंही अडखळतं.

---

सह्यकडा

तेवढं नाही. ३६ सेलच्या पॅनलमधे सहसा दोन बायपास डायोड असतात, सावली पडलेला अर्धा भाग वगळून करंट पुढे जातो. नुकसान त्या अर्ध्याचं. पॅरललमधे करंट दुप्पट: चार पॅनलचे २२ अँपिअर, ४ स्क्वेअर एमएम वायर जाऊन-येऊन आठ मीटर असेल तर ०.७७ व्होल्ट, १८ व्होल्टवर ४ टक्के गेले. २एस२पी मधे ११ अँपिअर, ०.३९ व्होल्ट, ३६ वर १ टक्का. शिवाय तीन किंवा जास्त ओळी पॅरलल केल्या की प्रत्येक ओळीला फ्यूज लावावा लागतो, दोन ओळींना नाही. जोड्या मात्र सावलीप्रमाणे लावा: पंख्याच्या बाजूची दोन एक जोडी, मोकळी दोन दुसरी. पुढची-मागची अशी मिसळ केलीत तर एकच झाकण दोन्ही जोड्या खाली ओढेल.

आणि माडाखाली लावूच नका. नारळ पडला तर बायपास डायोडचा काही उपयोग नाही.

---

वॅटतास

हे शेवटचं मान्य. फळ्या टाकून वाळूवर पुढे घेता येत असेल तर उत्तमच, पण ओल्या वाळूत साडेतीन टनांची गाडी उतरवू नका.

---

रोहतांगपार

स्पितीबद्दल, कारण तिथे हिशेब उलटतो. वीज कमी पडत नाही. हवा विरळ, पॅनल थंड, सप्टेंबरअखेर तीच ४०० वॅट दुपारी पुण्यापेक्षा जास्त देतात. प्रश्न बॅटरी ती घेऊ शकते का हा.

एलएफपी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. आयन ग्राफाइटमधे शिरण्याऐवजी पृष्ठभागावर लिथियम धातूचा थर बसतो, क्षमता कायमची जाते, पुढे आतून शॉर्टही होऊ शकतो. डिस्चार्ज उणे वीसपर्यंत चालतो, म्हणून रात्री सगळं व्यवस्थित वाटतं आणि घात होतो तो सकाळी सात वाजता, टपावर ऊन आल्यावर. बॅटरी घेताना बीएमएसला लो टेम्परेचर चार्ज कटऑफ आहे का हे डेटाशीटवर बघा, दुकानदाराच्या तोंडी भरवशावर नको. बॅटरी माणसांच्या केबिनमधे, सीटखाली, खाली आणि चार बाजूंनी एक इंच फोम. डब्याच्या वर भोकं ठेवा, नाहीतर मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तीच बॅटरी तापून बीएमएस वरच्या टोकाला चार्जिंग तोडतो. डीसी-डीसी चार्जरच्या इग्निशन सिग्नलवर एक हातस्विच ठेवा, म्हणजे पहाटे इंजिन सुरू केलं तरी बॅटरी गरम होईपर्यंत चार्जिंग रोखता येईल.

वडिलांचं सीपॅप: बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत चालवायची कमाल उंची २,६०० मीटरच्या आसपास दिलेली असते. स्पितीतलं काझा त्याहून हजारभर मीटर वर आहे. त्यापुढे मशीन दाब नीट सांभाळेल याची खात्री कंपनी देत नाही, आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला त्या उंचीवर ऑक्सिजनही कमी पडतो. हा प्रश्न बॅटरीनं सुटणारा नाही. पुस्तिका घेऊन त्यांच्या डॉक्टरांना विचारा, तारखा ठरवायच्या आधी.

---

निळी_ट्रॅव्हलर

सगळ्यांचे आभार. टप मोजला, सलग दोन मीटर मिळत नाही, म्हणून १०० ची चार, २एस२पी. बाकी यादी: २०० एएच एलएफपी (बीएमएस १०० अँपिअर), एमपीपीटी १००/३०, डीसी-डीसी ३०, इन्व्हर्टर १,०००, क्लास टी १२५, १२ व्होल्टचा फ्यूज बॉक्स. इन्व्हर्टरच्या आऊटपुटला आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) लावतोय. बॅटरी किती उरली ते बघायला व्होल्टमीटर लावला की पुरे ना?

---

मीटरवाली

व्होल्टमीटर नाही पुरणार. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात १३.१ ते १३.३ असं जवळपास सपाट राहतं. ७० टक्के आणि ४० टक्के यांत दशांशाचा फरक, आणि फ्रिज सुरू-बंद झाला की तोही पुसला जातो. शेवटच्या दहा टक्क्यांत मग धाडकन खाली येतं. शंटवाला बॅटरी मॉनिटर लावा (शंट म्हणजे करंट मोजायची पट्टी). बॅटरीच्या निगेटिव्हला शंटची फक्त एक वायर. इन्व्हर्टर, एमपीपीटी, डीसी-डीसी, फ्यूज बॉक्स, चेसिस यांचे सगळे निगेटिव्ह शंटच्या दुसऱ्या बाजूला. एक जरी थेट बॅटरीवर गेला तर मॉनिटर त्याचा हिशेब धरत नाही आणि आठवड्याभरात टक्केवारी भलतीकडे जाते. क्षमता २०० भरा, ‘पूर्ण भरली’ची खूण १४ व्होल्ट आणि करंट ८ अँपिअरच्या खाली.

आरसीसीबी लावताय ते चांगलं, पण बऱ्याच छोट्या इन्व्हर्टरचं आऊटपुट तरंगतं असतं, न्यूट्रल कुठेच चेसिसला जोडलेला नसतो. अशा जोडणीत आरसीसीबी शोभेचा, कारण गळतीचा करंट परत यायला रस्ताच नाही. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत न्यूट्रल-अर्थ जोडायची परवानगी आहे का बघा. असेल तर एकाच ठिकाणी, आरसीसीबीच्या आधी जोडा आणि ३० मिलीअँपिअरचा घ्या. काही इन्व्हर्टर अशा जोडणीनं जळतात, त्यामुळे पुस्तिका न वाचता करू नका. टेस्ट बटण दाबून ट्रिप झाला म्हणजे हे काम झालं असं नाही; ते बटण न्यूट्रल-अर्थ जोडणी तपासत नाही.

आणि १०० अँपिअर बीएमएसवर १,००० वॅटच्या पुढे जाऊ नका. १०० गुणिले १२.८ म्हणजे १,२८० वॅट, तेही इन्व्हर्टरची गळती धरून. मिक्सर सुरू होताना दोन-तीन पट करंट क्षणभर ओढतो. भांडं काठोकाठ भरून थेट तीनवर फिरवू नका, एकवर सुरू करा.

---

वॅटतास

एमपीपीटीत बॅटरीचा प्रकार एलएफपी निवडा: चार्जिंग १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५, इक्वलायझेशन (लेड ॲसिडसाठी अधूनमधून द्यायचं जादा व्होल्टेज) पूर्ण बंद. कारखान्याची सेटिंग बहुधा लेड ॲसिडची असते आणि इक्वलायझेशन सुरू असलं तर ती अधूनमधून व्होल्टेज त्याहून वर नेते. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल.

निघायच्या आधीच्या आठवड्यात घराखाली एक तपासणी करा. पॅनलचा आयसोलेटर बंद, इंजिन बंद, बॅटरी शंभर टक्के. फ्रिज भरून सुरू, रात्री सीपॅप आणि पंखा सुरू, बाकी सगळंही वरच्या यादीइतकंच वापरा, चोवीस तास. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मॉनिटरवर ४५ टक्क्यांच्या आसपास उरायला हवेत. ३५ दिसले तर इन्व्हर्टर चालू राहिलाय किंवा फ्रिजचं दार नीट बसत नाही. टाँग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजणारा) घेऊन सगळं बंद असताना मुख्य निगेटिव्हवर लावा, अर्ध्या अँपिअरच्या वर काही दिसलं तर फ्यूज एकेक काढत जा.

---

मीटरवाली

टाँग टेस्टर डीसी मोजणारा घ्या. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो बहुधा फक्त एसीचा, तो इथे शून्यच दाखवेल.